वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाच बाटल्या

सव्वीस जानेवारी शुक्रवारी आली की जोडून तीन दिवस सुट्टी मिळते आणि त्यातला पहिला दिवस ड्राय डे असतो. पहिली गोष्ट लोक महिनाभर आधी कॅलेंडरवर हेरून ठेवतात. दुसरी त्यांना शुक्रवारी दुपारी आठवते. आमचेही तेच झाले असते, पण आमचा यजमान औष्णिक वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये आयुष्य काढलेला माणूस. कोळसा संपायच्या आत कोळसा यायला हवा, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेले. त्याने बुधवारीच बाटल्या आणून कपाटात आडव्या ठेवल्या होत्या. एक मी आणली होती, आणि ती कशाची हे कोणालाच सांगितले नव्हते.

कोराडी म्हणजे नागपूरहून सावनेरच्या रस्त्याने उत्तरेला पंधराएक किलोमीटरवरचे कामठी तालुक्यातले गाव. बाहेरच्या माणसाला ते महालक्ष्मी जगदंबेच्या देवळामुळे ठाऊक असते, नाहीतर पॉवर हाऊसमुळे. पहिला संच १९७४ साली सुरू झाला. आता ६६० मेगावॉटचे तीन नवे संच चालतात. मित्राच्या गच्चीवरून धुराड्यांवरचे लाल दिवे दिसतात. नाशिकच्या द्राक्षबागांपासून हे ठिकाण सहा-साडेसहाशे किलोमीटर दूर, आणि वाइनच्या गप्पांसाठी कोणीही सुचवणार नाही असे. म्हणूनच मला ते आवडले. वाइनवरची बहुतेक पुस्तके बागेत उभी राहून लिहिलेली असतात. पिणारा मात्र घरी, सतरंजीवर बसलेला असतो.

वहिनींच्या अटी तीन होत्या. शनिवारी सकाळी आधी देवीचे दर्शन. रात्री कोणी गाडीच्या किल्लीला हात लावायचा नाही, सहाही जणांच्या गाद्या हॉलमध्ये पडतील. आणि रविवारी दुपारी जेवायला सगळ्यांनी शुद्धीवर असायचे. तिन्ही मान्य झाल्या. तिसरीची काळजी करण्याचे कारण नव्हते, ते मापावरून कळेल.

वाइनची बाटली ७५० मिलिलिटरची. चाखायला माणशी ३० मिलिलिटर पुरते, म्हणजे खोकल्याच्या औषधाबरोबर येणाऱ्या मापाची तीन झाकणे. पाच प्रकार चाखले तरी माणशी १५० मिलिलिटर होते. हॉटेलात एक ग्लास म्हणून जेवढी देतात तेवढीच. सरासरी बारा टक्के धरले तर त्यात शुद्ध अल्कोहोल १८ मिलिलिटर, वजनाने साधारण १४ ग्रॅम. दोन तासांत, खात-पीत. हा हिशेब आधीच मांडतो, कारण रेड वाइन हृदयाला चांगली असते असे म्हणणारा एक जण प्रत्येक बैठकीत असतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की अल्कोहोलचे अमुक एक प्रमाण निर्धोक, असे म्हणता येत नाही. तेव्हा वाइन औषध म्हणून पिऊ नये. आवडली तर प्यावी, नाहीतर राहू द्यावी. आपल्या राज्यात त्यासाठी वयाची एकवीस वर्षे पूर्ण लागतात आणि कायद्याप्रमाणे परवानाही लागतो, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी ठाऊक करून घ्यावे.

शनिवारी संध्याकाळी यजमानाने रद्दीतून जुने लोकमत काढले, प्रत्येक बाटली गळ्यापर्यंत गुंडाळली, वरून रबरबँड लावला आणि स्केच पेनने एक ते पाच आकडे घातले. सहा जणांपैकी दोघे वैतागले. नाव न बघता प्यायची तर पैसे कशाला मोजले? एक निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही अजूनही सरच म्हणतो, ते मात्र खूश. "उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकूनच तपासायची असते," म्हणाले.

सरांचे म्हणणे अगदी शास्त्रोक्त आहे. २००८ साली कॅलिफोर्नियात वीस जणांना मेंदूचे चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवून नळीने वाइन पाजली. एकच वाइन एकदा दहा डॉलरची म्हणून दिली, एकदा नव्वदची म्हणून. नव्वदची जास्त आवडली, असे ते नुसते तोंडाने म्हणाले नाहीत. मेंदूतला सुखाची नोंद घेणारा भागही तेव्हा जास्त चेतला. म्हणजे किमतीची चव जिभेवर खरोखर लागते, त्यात ढोंग नसते. नाव झाकण्याची सर्वांत गाजलेली गोष्ट २४ मे १९७६ ची. स्टीव्हन स्परियर नावाच्या इंग्रज वाइन-व्यापाऱ्याने पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सच्या नामांकित वाइन आणि कॅलिफोर्नियाच्या नवख्या वाइन नावे झाकून ठेवल्या. पांढऱ्यांत आणि लालांत, दोन्हीकडे पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला. आमच्या कोराडीच्या बैठकीत एवढे काही व्हायचे नव्हते, पण झाकलेल्या कागदाने एक काम लगेच केले. कोणी कोणाला नाव वाचून शिकवू शकेना. सगळे एका पातळीवर आले.

एक नंबर ओतला. फिकट, गवती चहासारखा पिवळसर रंग. ग्लास एक तृतीयांशच भरायचा, म्हणजे गिरकी द्यायला जागा राहते. गिरकीने वास हवेत सुटतो आणि ग्लासाच्या अरुंद तोंडाशी साठतो. घरात वाइनचे ग्लास चारच होते, म्हणून दोघांना काचेचे चहाचे ग्लास मिळाले. त्यांचे तोंड वर पसरट, त्यामुळे वास निसटून जात होता. दोघे दर दोन मिनिटांनी शेजाऱ्याच्या ग्लासात नाक घालत होते. ग्लासाचा आकार हा श्रीमंती थाट आहे असे मीही पूर्वी समजायचो. चहाचा ग्लास शेजारी ठेवल्यावर तो गैरसमज पाच मिनिटांत जातो.

आपण जिला चव म्हणतो ती बहुतांशी वास असते. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरसासारखी एक उमामी, एवढेच कळते. बाकी सगळे तोंडातून मागच्या वाटेने नाकात चढते. हे सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही. लहानपणी एरंडेल पाजताना आई नाक दाबायची, ते याच ज्ञानावर. संत्र्याची गोळी नाक दाबून तोंडात टाका, नुसती आंबटगोड साखर लागते. नाक सोडा, संत्रे हजर. मी सगळ्यांना एकेक गोळी देऊन हा खेळ करायला लावला आणि मग विचारले, एक नंबरला कसला वास येतो?

शांतता पसरली. परीक्षेच्या हॉलमध्ये पसरते तशी.

खरी अडचण इथे आहे, आणि ती नाकाची नाही, शब्दांची आहे. वाइनच्या बाटलीमागे लिहिलेले असते: गूजबेरी, ब्लॅककरंट, एल्डरफ्लॉवर. आमच्यातल्या कोणीही गूजबेरी तोंडात घातलेली नव्हती, आणि ब्लॅककरंट म्हणजे आइस्क्रीमचा एक जांभळा प्रकार, एवढीच ओळख. ज्या फळाचा वास आयुष्यात घेतला नाही तो ग्लासात कसा सापडणार? मग माणूस मान डोलावतो आणि आपल्याला यातले काही कळत नाही, असे मनाशी ठरवून टाकतो. मराठी घरांतून वाइनविषयी जो संकोच आढळतो, त्याचे निम्मे कारण हे उसने शब्द आहेत, असे माझे मत आहे.

म्हणून एक नियम केला. आपल्या बागेतला, स्वयंपाकघरातला, बाजारातला किंवा औषधांच्या कपाटातला शब्दच चालेल. नियम झाला मात्र, आणि सावनेरकडे संत्र्याची बाग असलेला आमचा मित्र एकदम म्हणाला, "हा तं पेरू होय न! अर्धा पिकलेला." वहिनींना मध आला. यजमानाला उसाच्या गुऱ्हाळाची आठवण झाली. वहिनींनी सगळे शब्द एका कागदावर लिहायला घेतले. कागद काढला तर एक नंबर निघाली नाशिककडची चेनिन ब्लाँ, किंचित गोडसर ठेवलेली. पेरू आणि मध हे तिचे अगदी योग्य वर्णन आहे. फ्रान्समधला जाणकार नासपती आणि मध म्हणेल, एवढाच फरक.

दोन नंबरला कागदावर आले: कैरीची साल, ढोबळी मिरची चिरताना येतो तो वास, कापलेले गवत. ही सोविन्यॉ ब्लाँ. इथे उपमा नुसती उपमा राहत नाही. ढोबळी मिरचीला तिचा वास देणारा पायराझिन गटातला जो पदार्थ, तोच सोविन्यॉच्या द्राक्षात असतो, आणि तो इतका तीव्र असतो की एका लिटरमध्ये ग्रॅमचे काही अब्जांश भाग असले तरी नाकाला कळतो. द्राक्ष जसे जास्त पिकते तसा तो कमी होत जातो. म्हणजे वहिनींच्या नाकाने बाग किती लवकर तोडली, याचाही अंदाज बांधता येईल.

"ही गोड काऊन नाही?" या प्रश्नावर थोडे थांबलो, कारण वाइनमधला सर्वांत मोठा गोंधळ त्यात आहे. द्राक्षाच्या रसातली साखर किण्व खाते, तिचे अल्कोहोल आणि कर्बवायू होतात. सगळी साखर खाऊन झाली की वाइन ड्राय. काही शिल्लक ठेवून आंबवणे थांबवले की गोडसर. ड्राय डे आणि ड्राय वाइन यांचा संबंध एवढाच की दोन्हीकडे काहीतरी शिल्लक नाही.

मग संत्रेवाल्या मित्राने त्याच्या मनातला प्रश्न काढला. आपल्या संत्र्याची वाइन का नाही निघत? त्याने येताना आंबिया बहाराची शेवटची संत्री पिशवीभर आणली होती आणि ती समोरच होती. उत्तर साखरेत आहे. रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजतात. वाइनचे द्राक्ष २२ ते २४ ब्रिक्सला तोडतात, आणि ब्रिक्सच्या आकड्याला साधारण ०.५५ ने गुणले की अल्कोहोलची टक्केवारी येते: १२ ते १३. संत्र्याचा रस दहा-अकरा ब्रिक्सचा, म्हणजे सहा टक्क्यांवरच गाडी थांबणार. तेवढ्यावर ती टिकत नाही, वरून साखर घालावी लागते. शिवाय संत्र्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळाने कडवट होतो. लिमोनिन नावाचा पदार्थ त्याला कारण, आणि घरी रस काढून फ्रीजमध्ये ठेवणाऱ्या प्रत्येक नागपूरकराने ते भोगलेले असते. फळांच्या वाइन बनत नाहीत असे नाही. पालघर जिल्ह्यात बोर्डीला चिकूची बनते. पण द्राक्षाला निसर्गाने जे आयते दिले आहे, साखर, आंबटपणा आणि सालीतला तुरटपणा, ते एकत्र दुसऱ्या फळात सहसा सापडत नाही. मित्र थोडा खट्टू झाला. मोहफुलाचे नावही निघाले. त्यात साखर भरपूर, पण मोहाची दारू आंबवून मग भट्टीवर गाळतात, तेव्हा ती वाइनच्या घरातली नव्हे.

तीन नंबर लाल होती. जांभूळ, हे सगळ्यांनी एकमुखाने सांगितले. मग यजमान म्हणाला, मिरी. दोघांनी दुजोरा दिला. सरांनी तीनदा नाक खुपसले आणि हात टेकले: "मले तं काही मिरीबिरी येऊन नाही राहिली." त्यांचा दोष नव्हता. तीन नंबर शिराझ होती, आणि शिराझच्या द्राक्षात रोटंडोन नावाचा पदार्थ असतो. मिरीला तिचा वास देणारा हाच, आणि ऑस्ट्रेलियातल्या वाइन संशोधकांनी तो २००८ च्या सुमारास हुडकून काढला. पाच माणसांतल्या साधारण एकाला त्याचा वास मुळीच येत नाही, जन्मतःच. वाइन एकट्याने चाखू नये ती यासाठी. एकटे असताना सरांना ही गोष्ट कधीच कळली नसती. सत्तर वर्षांत नव्हतीच कळली.

आणि मग तो शब्द आला, ज्याची मी संध्याकाळभर वाट पाहत होतो. वहिनींनी घोट घेतला, जीभ टाळूला लावली आणि म्हणाल्या, "तुरट."

इंग्रजीत वाइनवर लिहिणाऱ्यांना या एका जाणिवेसाठी किती कसरत करावी लागते! कोणी खरखरीत म्हणतो, कोणी मखमली, कोणी पकड आहे म्हणतो. त्यांच्या रोजच्या बोलण्यात चवींच्या यादीत तुरट नाही. आपल्याकडे षड्रसांत ती मानाने बसलेली आहे: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. आवळा, सुपारी, कात, कच्चे केळे, जांभळाची बी, फार उकळलेला कोरा चहा. मराठी मुलाला तुरट म्हणजे काय हे पाचव्या वर्षी ठाऊक असते. शास्त्रज्ञ सांगतील की ही जिभेची चव नसून स्पर्श आहे. सालीतले आणि बियांतले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडून गोळा करते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडे, आवळल्यासारखे होते. ठीक आहे, स्पर्श म्हणा. पण आपल्याकडे त्याला नाव आहे, आणि नाव असले की मोजता येते: किती तुरट, कुठे तुरट, सुपारीसारखे की आवळ्यासारखे, पटकन जाणारे की रेंगाळणारे. लाल वाइनची अर्धी परीक्षा या चार प्रश्नांत होते. चहात दूध घातले की तुरटपणा उतरतो, कारण टॅनिनला पकडायला दुधातली प्रथिने मिळतात. रेड वाइनबरोबर चीज देतात त्यातही बराचसा हाच चहाचा न्याय आहे. आम्ही पनीरचे तुकडे भाजून ठेवले होते, काम चोख झाले.

चार नंबरही लाल. जरा फिकट, कोकमाच्या सरबतासारखी. "आलुबुखार," सर म्हणाले. "जांभूळच, पण पाणचट," संत्रेवाला म्हणाला. डाळिंब, करवंद, एकाने तर गुलकंद सांगितला. कागद काढला. आत चेनिन ब्लाँची बाटली होती. एक नंबरचीच पांढरी वाइन. यजमानाने आणि मी दुपारी तिच्यात खायचा लाल रंग दोन थेंब टाकून ठेवला होता.

थोडी आरडाओरड झाली. मग मी सांगितले की वाइनच्या राजधानीत, बोर्दोच्या विद्यापीठात, हीच फजिती वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांची झाली होती. २००१ साली प्रसिद्ध झालेला तो अभ्यास फ्रेदेरिक ब्रोशे आणि त्याच्या सहकाऱ्यांचा. पांढऱ्या वाइनला बिनवासाच्या रंगाने लाल केल्यावर त्या विद्यार्थ्यांनी लाल फळांची नावे लिहिली. यावरून वाइनचे जाणकार सगळे थोतांड, असा निष्कर्ष काढणारे लेख पुष्कळ येतात. मला तो पटत नाही. डोळा नाकाच्या आधी पोहोचतो आणि नाकाला काय शोधायचे ते सांगून ठेवतो, एवढेच त्यातून दिसते. सावध व्हायचे तर डोळे मिटून वास घ्यावा. वहिनींनी चार नंबरला काय लिहिले होते ते नंतर पाहिले: "पेरू? (पण लाल आहे)". कंसासकट. नाकाने बरोबर सांगितले होते, डोळ्याने गप्प केले.

पाच नंबर माझी. गडद तपकिरी, दाट. ग्लास तोंडाजवळ नेताच तिघांच्या चेहऱ्यावर एकच भाव आला आणि यजमान जवळजवळ ओरडला, "आजीचं कपाट!" लवंग, वेलदोडा, मनुका, गूळ, मध, आणि मागून एक औषधी तुरटपणा. मी कागद काढला: द्राक्षासव. औषधाच्या दुकानातले, चिठ्ठीशिवाय मिळणारे.

आजारपणातून उठलेल्याला जेवणानंतर समभाग पाण्यातून दोन-दोन चमचे द्राक्षासव दिलेले नाही, अशी मराठी घरे मागच्या पिढीत थोडीच असतील. त्यात मनुकांचा काढा, साखर, मध, मसाले आणि धायटीची फुले असतात. धायटी सह्याद्रीत आणि मेळघाटात रानोमाळ वाढते; तिच्या वाळलेल्या लाल फुलांवर किण्व असतेच, ते विरजणासारखे काम करते. आसवे-अरिष्टे अशी आंबवलेली असल्याने त्यांत आपोआप तयार झालेले अल्कोहोल असते, पाच-दहा टक्क्यांच्या आसपास. बाटलीवर ते बारीक अक्षरात लिहिलेले असते, आणि आजीला वाचता येत असले तरी ती ते वाचत नसे. नागपूरला खेटून असलेल्या वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. या जिल्ह्यांतल्या औषधांच्या दुकानांत द्राक्षासव सुखाने मांडलेले असते. यात मला दारूबंदीची खिल्ली उडवायची नाही. गडचिरोलीची बंदी बायकांनी आणि गावांनी लढून मिळवली आहे. ज्या घरात पगार गुत्त्यावर संपतो तिथे पेरूचा वास की कैरीचा, ही चर्चा कोणी करू नये. पण द्राक्ष आंबवून मापात पिण्याची कल्पना आपल्याला परकी आहे, हे म्हणणे आजीच्या कपाटाला धरून नाही.

रविवारची सकाळ गच्चीवर, उन्हात. आदल्या रात्री अकरा-बारा अंशांपर्यंत पारा उतरला होता. लाल बाटली हॉलमध्येच ठेवलेली, हाताला छान गार लागत होती. रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी, असे जे सांगतात ती रूम युरोपातल्या दगडी घरातली, सोळा-अठरा अंशांची. नागपुरात ती खोली डिसेंबर-जानेवारीतच मिळते. मे महिन्यात इथली रूम चाळीसची, तेव्हा लाल वाइनही अर्धा तास फ्रीजमध्ये घालावी लागते. गरम वाइनमध्ये अल्कोहोलच नाकात चढते, बाकी सगळे मागे पडते. हे मी पैसे देऊन शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी एप्रिलअखेरीस नाशिकहून सहा बाटल्या गाडीच्या डिकीत घालून आणल्या, वाटेत एका नातेवाइकाकडे दुपारी गाडी उन्हात उभी राहिली, साडेतीन तास. घरी येऊन पाहतो तो दोन बुचे अर्धा सेंटिमीटर वर आलेली. आत शिजवलेल्या मनुकांचा वास. एकही पिण्याजोगी निघाली नाही; सासूबाईंनी दोन बाटल्यांचे व्हिनेगर करून पाहिले, तेही जमले नाही.

त्याच वेळी, आम्ही कोराडीत उन्हाला बसलो असताना, नाशिककडे तोडणी चालू होती. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते आणि तोडणी ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. तिला कात्रीने थोपटून झोपवावे आणि कात्रीनेच उठवावे लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यावर पुढच्या फळाच्या काड्या तयार होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, तिच्यावर घड. मणी फुगतात ते थंडीच्या रात्रींत, म्हणून आंबटपणा टिकतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशेएक मीटर उंच, नागपूर तीनशेच्या थोडे वर. रात्री बागेत जो गारवा लागतो तो या फरकात आहे. खायच्या थॉमसनसारख्या द्राक्षाला मोठा मणी आणि पातळ साल हवी. वाइनच्या द्राक्षाला उलट: बारीक मणी, जाड साल, आत बी. ते खाऊन पाहिले तर गोड असते पण बाजारात कोणी विकत घेणार नाही.

या बागा फार जुन्या नाहीत. नारायणगावला श्याम चौगुले यांच्या इंडेजने १९८० च्या दशकात फेसाळती वाइन बनवून युरोपात विकून दाखवली. पुढे ती कंपनी कर्जात बुडाली. अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंतांनी १९९७ च्या सुमारास नाशिकला वाइनच्या वेली लावल्या आणि आई सुलभा यांच्या नावावरून सुला हे नाव ठेवले. पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूरला वाइन पार्क झाले. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ मोहिते-पाटलांच्या घराने इटालियन भागीदारांबरोबर फ्रातेल्ली सुरू केली. २७ जानेवारी २०२२ ला, प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी, मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचे ठरवले. देवळे आणि शाळांजवळची दुकाने व दारूबंदीचे जिल्हे त्यातून वगळले होते, तरी इतका गदारोळ झाला की निर्णय रखडला.

दुपारी सावजी मटण होते. नागपूरच्या कोष्टी घरांतून आलेला हा रस्सा, काळा, तर्रीवाला, खड्या मसाल्याचा. पानाशेजारी दोन ग्लास ठेवले, दोन्ही अर्ध्या मापाचे: अकलूजकडची सांजोव्हेजे, आणि थंड चेनिन. सांजोव्हेजे हे द्राक्ष मूळचे इटलीचे. इटलीची वाइन दख्खनच्या व्यापारात तशी नवी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालात वाइन आहे, आणि त्यातही इटलीची पसंत करतात, अशी नोंद आहे. पैठण आणि तेर इथून गाड्या भरभरून माल त्याच बंदराला जात असे. माझा सगळा भर त्या सांजोव्हेजेवर होता. लाल मांसाला लाल वाइन, असे पुस्तकात लिहिलेले असते.

पुस्तक साफ हरले. पहिल्या घासानंतर सांजोव्हेजेचा घोट घेतला आणि तोंडात आग भडकली. मिरचीच्या तिखटपणाची वर्दी मेंदूला देणारा जो संवेदक आहे, त्याला अल्कोहोलही चेतवते. वर टॅनिनने लाळ पुसून नेलेली. दोघांनी मिळून सावजीला दुप्पट सावजी केले. थंड, किंचित गोड, कमी तुरट चेनिनने मात्र जीभ निववली आणि लवंग-दगडफुलाचा वास पुन्हा वर आला. सहाही जणांचा निकाल एक. तिखट रश्शाबरोबर महाग लाल वाइन उघडू नये. ती भरीत-भाकरीला किंवा भाजलेल्या मटणाला राखून ठेवावी.

कागदावर एकंदर एकतीस शब्द झाले होते. त्यात जांभूळ चार वेळा, गूजबेरी एकदाही नाही. यजमानाने तो फ्रीजच्या दारावर चिकटवला. उरलेली शिराझ झाकण घट्ट लावून आत ठेवली. ती बुधवारपर्यंत चांगली होती, गुरुवारी आंबट वाटली, असा त्याचा फोन आला. द्राक्षासव सर घेऊन गेले.